जुन्या गाडीची साडेसाती टाळायची तर...

कुंभकोणम हे तामिळनाडूतील कावेरीकाठचे देवळांचे गाव. इथून चाळीसेक किलोमीटरवर तंजावर. तिथली भोसल्यांची गादी १८५५ पर्यंत टिकली, त्यामुळे मराठी यात्रेकरूला हा मुलूख अगदीच परका वाटत नाही. कुंभकोणमच्या परिसरात नवग्रहांची नऊ देवळे विखुरलेली आहेत. पहाटे निघायचे आणि रात्रीपर्यंत नऊही ग्रहांचे दर्शन आटोपायचे, असा अनेकांचा बेत असतो.

भाविकाच्या दृष्टीने हा पुण्याचा दिवस. पण गाडी जुनी असेल तर तिच्या इंजिनाच्या दृष्टीने मात्र परीक्षेचा! नऊ वेळा थांबायचे, नऊ वेळा पुन्हा चालू व्हायचे, अरुंद रस्त्यांवर बसमागे रखडायचे आणि वर तामिळनाडूचे रणरणते ऊन. अशा वेळी वडिलांनी हौसेने घेतलेली, घरातल्या माणसासारखी झालेली अ‍ॅम्बॅसॅडर किंवा पद्मिनी वाटेत रुसली, तर ‘आता हिला भंगारात द्या’ असा सल्ला लगेच कानी पडतो.

पण इंजिन केवळ वयाने मरते का? मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींचेच पाहा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तिला घरी बसवले ते टॅक्सीसाठीच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेने. मुंबईच्या गर्दीत आणि पावसात वीस वर्षे! इंजिनाच्या पत्रिकेत खरे पापग्रह दोनच : उष्णता आणि घाण. त्यांची शांत करणे मालकाच्याच हाती असते.

सकाळी : दोन मिनिटांची पूजा

पहिले देऊळ चंद्राचे, तिंगळूरचे. पण त्याआधी बॉनेट उघडा. गाडी सपाट जागेवर हवी. ऑईलची पट्टी काढून पुसा, पुन्हा घाला आणि मगच पाहा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेजवळ असावे. ते ताकासारखे पांढुरके दिसले, तर त्यात पाणी शिरले असण्याची शक्यता मोठी. गाडी बाहेर काढूच नका. ऑईल काळे झाले म्हणजे लगेच वाईट नव्हे, पण जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत साधारण ५,००० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी ते फिल्टरसह बदललेले बरे. ऑईलवर वाचवलेले शेकडो रुपये पुढे इंजिन खोलताना हजारांनी द्यावे लागतात.

मग रेडिएटर. तो इंजिन थंड असतानाच उघडायचा. बोअरिंगच्या जड पाण्याने आत क्षार साचतात, म्हणून स्वच्छ पाण्यात कूलंट मिसळून भरा. फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून पाहा. तो सेंटिमीटरभर दबावा, त्याला तडे नसावेत.

गाडी चालू केल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबून तिला ओरडायला लावू नका. ऑईल सगळीकडे पोहोचेपर्यंतच्या काही क्षणांत इंजिनाची झीज सर्वाधिक होते. चोक गरजेपुरता ओढा, इंजिन लयीत आले की आत ढकला आणि पहिले काही किलोमीटर सावकाश चला.

दुपारी : काट्यावर नजर

गुरूचे आलंगुडी, राहूचे तिरुनागेश्वरम, सूर्यनारकोविल, शुक्राचे कंजनूर करेपर्यंत ऊन चढते. इथे सर्वांत महत्त्वाचे उपकरण म्हणजे तापमानाचा काटा. तो लाल पट्ट्याकडे सरकू लागला तर ‘पुढच्या गावापर्यंत तर जाऊ’ हा विचार सर्वांत महागडा. त्या दोन-चार किलोमीटरमध्ये गॅस्केट जळते, हेड वाकते. गाडी सावलीत घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि निदान अर्धा तास थांबा. तोवर रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आतले पाणी उसळून तोंड भाजते. नंतर जाड फडक्याने झाकण हळूहळू सैल करा, इंजिन चालू करून थोडे थोडे पाणी घाला. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे आहे. त्याने खरा दोष झाकला जातो आणि इंजिन सकाळी बराच वेळ थंड राहून अधिक झिजते. बिघडलेला थर्मोस्टॅट बदलावा, हद्दपार करू नये.

दर्शन घेऊन आलात आणि गरम गाडी चालू होईना? पाइपात किंवा पंपात पेट्रोलची वाफ धरली असेल. पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवून दहा मिनिटे वाट पाहण्याचा जुन्या चालकांचा उपाय आजही चालतो. पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र इंजिनात पेट्रोल जास्त झाले आहे. चोक आत ढकला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर फिरवा.

पेट्रोलही आता बदलले आहे. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत; ते फुगतात, चिरतात. इथेनॉलला टिकणारे पाइप बसवून घ्या. गळणारे पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण.

संध्याकाळी : धूर काय सांगतो?

वैद्दीश्वरनकोविल, तिरुवेंकाडू, कीळपेरुंपळ्ळम करून शेवटी शनीचे तिरुनळ्ळार. परतीपूर्वी सायलेन्सरकडे एकदा पाहा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर चोंदलेला. हा स्वस्तातला रोग. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. सतत पांढरा धूर आणि रेडिएटरमधले पाणी घटणे म्हणजे गॅस्केटवर संशय.

निळा धूर दिसताच ‘इंजिन उघडावे लागेल’ असे कोणी म्हणाले, तर आधी कॉम्प्रेशन तपासायला सांगा. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे असावेत. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंग झिजल्या. नाही वाढला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. या एका तपासणीने अनेकदा पूर्ण इंजिनाऐवजी फक्त हेडचे काम भागते. तसेच टॅपेटची बारीक टिकटिक ऐकून घाबरू नका. अति घट्ट टॅपेट आवाज करत नाही, पण व्हॉल्व्ह जाळतो.

अ‍ॅम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पद्मिनीचे त्याच्याही कितीतरी आधी. म्हणून प्लग, पॉइंट, बेल्ट, होज पाइप घरात जपून ठेवा आणि एक वही करा : कोणत्या किलोमीटरला ऑईल बदलले, कधी पाणी घातले, किती पेट्रोल लागले. माणसाच्या प्रकृतीप्रमाणेच इंजिनाची प्रकृतीही एका रात्रीत बिघडत नाही. वही ते आधीच सांगते.

शनीला तिळाचे तेल अवश्य वाहा. पण निघण्यापूर्वी इंजिनातले तेलही पाहा!