मुठीचा पहिला पाव भाग

सिग्नल सुटतो. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडत मूठ पिळावी, तर आरएक्स १०० क्षणभर गुदमरते, ‘भॉक’ असा पोकळ आवाज काढते आणि मग एकदम झेप घेते. मोकळ्या रस्त्यावर हीच गाडी झकास पळते. गर्दीत, खड्ड्यांतून किंवा घाटाच्या वळणावर मात्र मालकाला सारखी रेस देत राहावे लागते. “वर मस्त पळते, पण खाली दमच नाही,” ही तक्रार घेऊन तो गॅरेजात येतो. जुन्या मेकॅनिकचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “कार्ब्युरेटर बदललाय का?”

बहुतेक वेळा बदललेला असतो. १९८५ ते १९९६ या काळात भारतात तयार झालेल्या यामाहा आरएक्स १००वर तरुणांचा जीव अजूनही जडलेला आहे. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती, चार गिअर आणि हलके अंग, एवढ्या भांडवलावर ही गाडी त्या काळच्या रस्त्यांवर राज्य करत होती. तिच्याकडून आणखी वेग हवा म्हणून मोठ्या तोंडाचा कार्ब्युरेटर, मूळ एअर फिल्टरच्या डब्याऐवजी उघडा गोल फिल्टर आणि फुगीर पोटाचा एक्स्पान्शन चेंबर बसवला जातो. वरचा वेग मिळतो, पण रोजच्या वापरातला खालचा जोर हरवतो.

का हरवतो, हे कार्ब्युरेटरच्या घशात दडलेले आहे. हवा अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब उतरतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून वर खेचले जाते. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी याने अठराव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासलेले हे तत्त्व आहे. आता समजा, २० मिलिमीटरच्या गळ्याच्या जागी २८ मिलिमीटरचा गळा आला. त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होते. इंजिन हळू फिरत असताना मूठ पूर्ण उघडली, तर तेवढ्याच हवेचा वेग त्या मोठ्या गळ्यात निम्म्यावर येतो आणि पेट्रोल ओढणारी ताकद चौथाईवर. पेट्रोल उशिरा येते, नीट फवारले जात नाही, आणि ‘भॉक’ ऐकू येते.

यावर अनेक जण मेन जेट बदलत बसतात, आणि तिथेच चुकतात. मिकुनीच्या व्हीएम जातीच्या स्लाइड कार्ब्युरेटरमध्ये कामाची वाटणी मुठीच्या उघडण्यावर ठरते. बंद मुठीपासून साधारण एक अष्टमांशापर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रूचा अंमल असतो. तिथून पाव मुठीपर्यंत स्लाइडच्या कडेला दिलेल्या तिरक्या कापाचा, पाव ते पाऊण मुठीपर्यंत निडल आणि निडल जेटचा. मेन जेटची पाळी शेवटच्या पाव भागात येते. वाटण्या एकमेकींत थोड्या मिसळतात, पण क्रम हाच राहतो. म्हणून चाणाक्ष मेकॅनिक मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्थिर भागावर चिकटपट्टीचे तुकडे लावून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करतो, गाडी चालवतो आणि अडखळ कोणत्या खुणेवर येते ते पाहतो. दोष पहिल्या पाव भागात असेल, तर मेन जेटला हातही लावायचा नाही.

जेट बदलण्याआधी दुसरी एक शंका फेडावी लागते: इंजिन कुठून चोरून हवा घेते आहे का? नव्या कार्ब्युरेटरसाठी बसवलेला मॅनिफोल्ड नीट बसत नाही, रबर तडकलेले असते किंवा पॅकिंग फाटलेले असते. इंजिन स्लोवर चालू ठेवून सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारला आणि आवाज बदलला, तर गळती सापडली. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे जुने ऑइल सील आणि वाकलेल्या रीड-पाकळ्याही हाच त्रास देतात. गळती तशीच ठेवून केलेले ट्यूनिंग दोन दिवस टिकत नाही.

मग खरे काम सुरू होते. पायलट जेट काढायचा आणि उजेडाकडे धरायचा. त्याच्या पोटात सुईच्या टोकाएवढे भोक असते. जुन्या पेट्रोलचा चिकट थर ते भोक अर्धे बुजवतो. तार घालून ते मोकळे करण्याचा मोह अनेकांना होतो, पण तारेने भोक मोठे होते आणि जेटवरचा नंबर खोटा ठरतो. क्लीनर आणि हवेचा झोत यांनीच ते साफ करावे.

इंजिन दहा मिनिटे चालवून गरम केले, की एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्यायचा आणि दीड आटा बाहेर काढायचा. ही सुरुवात. तिथून पाव-पाव आटा फिरवत इंजिन कुठे सर्वांत मोकळे आणि एकसारखे चालते ते ऐकायचे. स्क्रू जवळजवळ आत गेल्यावरच, म्हणजे एका आट्याच्याही आत, गाडी सुधारत असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे आणि पायलट जेट एक नंबर मोठा हवा. अडीच आटे बाहेर येऊनही सुधारणा होतच राहिली, तर एक नंबर लहान. स्क्रू हवेच्या तोंडाकडे असेल तेव्हाचा हा हिशेब आहे. तो इंजिनाकडच्या बाजूला असेल, तर तो पेट्रोलचे मिश्रण सोडतो आणि सगळे उलटे वाचावे लागते.

स्लो छान लागला, तरी मूठ उघडताच गाडी गचकते? आता स्लाइडचा काप पाहायचा. त्यावरचा आकडा मोठा, तेवढी हवा जास्त. चोक किंचित ओढल्यावर गचका कमी झाला, तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे. लहान आकड्याची स्लाइड लावून पाहावी. उलट गाडी गरम झाल्यावर भुरभुरत असेल, धूर सोडत असेल आणि प्लग काळा-ओला निघत असेल, तर पेट्रोल जास्त आहे. अडखळ पाव मुठीच्या पुढे असेल, तर निडल पाहावी: तिची क्लिप एक खाच खाली सरकवली की निडल वर येते आणि मधल्या टप्प्यात पेट्रोल वाढते. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. टू-स्ट्रोकला पेट्रोल कमी पडणे घातक आहे, कारण इंजिन तापते आणि पिस्टन जाम होतो.

१९८३ साली बाजारात आलेल्या राजदूत ३५०मध्ये हे काम दुप्पट होते. तिथे दोन सिलिंडर आणि प्रत्येकाला स्वतंत्र कार्ब्युरेटर. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी, एकाच उंचीने उचलल्या गेल्या नाहीत, तर एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत राहतो. आधी केबलचा ताण जुळवायचा, मग जेटकडे वळायचे.

सगळा दोष कार्ब्युरेटरचाच असतो असेही नाही. एक्स्पान्शन चेंबर ठरावीक फेऱ्यांवरच साथ देतो आणि त्याखाली इंजिनाचा जोर घटवतो. ते जेटने भरून निघत नाही. उंचीचा आणि इंधनाचाही वाटा आहे. मुंबईत समुद्रसपाटीला जुळवलेली गाडी सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात विरळ हवेमुळे जास्त पेट्रोल पिते. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे २० टक्के इथेनॉलच्या इंधनावर जुने जेट थोडे अपुरे पडतात.

एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या दुचाकींवर फ्युएल इंजेक्शनने कार्ब्युरेटरची जागा घेतली. जुन्या गाड्यांचे सुटे भाग आता दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत, आणि कानाने स्लो लावणारे मेकॅनिकही. म्हणून आरएक्सवाल्यांना एक कळकळीची विनंती: मोठा कार्ब्युरेटर हौसेने बसवा, पण मूळ कार्ब्युरेटर भंगारात देऊ नका. त्याचे जेट, स्लाइड आणि निडल यांचे नंबर लिहून ठेवा, त्याला साफ करून कोरड्या डब्यात जपा. गाडी रोज शहरात चालवायची असेल, तर हरवलेल्या खालच्या दमावरचा सर्वांत खात्रीचा इलाज अनेकदा त्याच डब्यात असतो.