लिंबोणीवरील अळीचे दोन वेष

गेल्या पावसाळ्यांत चकलांब्याच्या शिवारांतून शाळेस येणाऱ्या एका विद्यार्थ्यानें दोन डब्या आणून आमच्या मेजावर ठेविल्या. पहिलींत लिंबोणीच्या पानावर एक काळपट तपकिरी जीव बसला होता. त्याच्या अंगावर मधोमध पांढरा पट्टा असल्यामुळें पक्ष्याची विष्ठाच पानावर पडून वाळली आहे, असा भास होई. दुसरींत करंगळीएवढी, हिरवीगार, गुळगुळीत अळी होती. विद्यार्थी म्हणाला, “सर, ही हिरवी अळी आमच्या लिंबोणीच्या रोपांचा नाश करते. काल झाडावर नव्हती, आज एकाएकीं आली. बाबा म्हणतात, आतां औषध फवारल्यावांचून गत्यंतर नाहीं. ही काळी मात्र निराळीच आहे. तिच्यापासून कांहीं त्रास नाहीं.”

आम्हीं त्यास तत्काळ उत्तर दिलें नाहीं. दोन्ही डब्या वर्गाच्या खिडकींत ठेवाव्या, रोज कोंवळीं पानें घालावीं आणि जें दिसेल तें वहींत टिपून ठेवावें, एवढेंच सांगितलें. चौथ्या दिवशीं सकाळीं तो धांवतच आम्हांकडे आला. पहिल्या डबींतील काळा जीव नाहींसा झाला होता. त्याच्या जागीं हिरवी अळी बसली होती, आणि शेजारीं डोक्याचें वाळकें टोपण तेवढें पडलें होतें. बाकीची कात तिनें स्वतःच खाऊन टाकली असावी. वैरी बाहेरून आलाच नव्हता. तो वेष पालटून इतके दिवस घरांतच राहत होता!

विद्यार्थिमित्रांनो, लिंबोणीवरील या फुलपाखराची मादी कोंवळ्या पानांवर एकेक फिकट पिवळें अंडें घालते. अंड्यांतून निघालेली अळी चार वेळां कात टाकते, म्हणजे कोश होण्यापूर्वी तिच्या पांच अवस्था होतात. पहिल्या चार अवस्थांत ती विष्ठेसारखी दिसते व पांचवींत हिरवी होते. यांतील लाभ उघड आहे. विष्ठा खावयास कोणता पक्षी धजेल? परंतु अळी मोठी झाली म्हणजे तें सोंग शोभत नाहीं, कारण एवढी मोठी विष्ठा पानावर पडत नसते. मग पानाचाच रंग अंगीं घेऊन पानांत दडणें तिला सोयीचें होतें.

लाभ कळला, तरी रंग पालटतो कसा हा प्रश्न उरतोच. प्राण्याचा रंग आईबापांकडून येतो, हें आपण सर्व जाणतों. सजीवाच्या देहांतील सूक्ष्म पेशींमध्यें आईबापांकडून आलेल्या सूचनांचा सांठा असतो. त्यांतील एकेका सूचनेस जनुक म्हणतात. ग्रेगोर मेंडेल यांनीं वाटाण्यावरील आपले प्रयोग १८६६ सालीं प्रसिद्ध करून आनुवंशिकतेचे नियम दाखवून दिले. तेच नियम रेशमाच्या किड्यांसहि लागू पडतात, हें जपानचे तोयामा कामेतारो यांनीं १९०६ सालीं संकराच्या प्रयोगांवरून दाखविलें. आतां आपल्या अळीकडे पाहा. ती काळी असतांना जीं जनुकें तिच्या देहांत होतीं, तींच ती हिरवी झाल्यावरहि आहेत. कातेबरोबर एकहि जनुक गळून पडलें नाहीं, आणि नवें एकहि आलें नाहीं.

घरच्या मसाल्याच्या डब्याचें उदाहरण घ्या. हळद, तिखट, जिरें, मोहरी हे सारे जिन्नस त्यांत नेहमींच असतात. म्हणून आई खिरींत मोहरी घालते काय? डबा एकच, परंतु कोणत्या वेळीं त्यांतून काय घ्यावयाचें, यावर पदार्थ अवलंबून असतो. जनुकांचेंहि तसेंच आहे. प्रत्येक जनुक सदासर्वदा कामांत नसतें. कांहीं जनुकें एका अवस्थेंत जागीं असतात, कांहीं दुसऱ्या अवस्थेंत जागीं होतात.

काळा रंग मेलॅनिन नांवाच्या द्रव्याचा असतो. टायरोसिन नामक पदार्थापासून तें पायरीपायरीनें तयार होतें, आणि या कामास लागणारे कारागीर निरनिराळ्या जनुकांच्या सूचनेनें घडतात. अळीच्या हिरव्या रंगाची गोष्ट निराळी आहे. चित्रकलेच्या तासास तुम्ही निळ्या रंगांत पिवळा मिसळतां ना? अळीच्या त्वचेंत तोच प्रकार घडतो. निळें व पिवळें अशीं दोन द्रव्यें एकत्र आलीं म्हणजे ती हिरवी दिसते. त्यांतील पिवळें द्रव्य तिला खाल्लेल्या पानांतून मिळतें. तात्पर्य, वेष पालटावयाचा म्हणजे अंगावरील बहुतेक भागांत काळ्या रंगाचे कारागीर थांबवून निळ्या-पिवळ्याचे कारागीर कामास लावावयाचे.

हा हुकूम सोडतो कोण? अळीच्या मेंदूमागें दोन सूक्ष्म ग्रंथि असतात. त्यांतून एक स्राव रक्तांत मिसळतो. त्यास आपण येथें बाल्यरस म्हणूं. तो भरपूर असेपर्यंत अळी कात टाकूनहि जुनाच वेष धारण करते. चौथ्या अवस्थेंत तो उतरूं लागला म्हणजे पुढील वेषाची तयारी होते. जपानमधील फुताहाशी व फुजिवारा या संशोधकांनीं आपल्या फुलपाखराच्या एका जवळच्या आप्त जातीवर प्रयोग करून त्याचा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध केला. चौथ्या अवस्थेच्या आरंभींच त्यांनीं अळीस बाहेरून बाल्यरस दिला. तेव्हां पांचव्या अवस्थेंतहि ती हिरवी न होतां विष्ठेच्याच वेषांत बाहेर पडली! जनुकें तींच होतीं. वेळेची खूण तेवढी चुकविली होती.

एखादें जनुक मुळांतच बिघडलें तर काय होतें, हें पाहण्यास रेशमाच्या अळीसारखें दुसरें उदाहरण नाहीं. आपल्या बीड जिल्ह्यांत तुतीची लागवड करून या अळ्या पाळणारे शेतकरी पुष्कळ आहेत, आणि वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं अंडीपुंज येत असतील. अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या अळ्या मुंग्यांसारख्या काळ्या दिसतात व पुढें पांढुरक्या होतात, हें त्या मुलांस ठाऊकच आहे. परंतु या किड्यांच्या एका वाणांत नवजात अळ्या काळ्या नसून तांबूस तपकिरी असतात, तर दुसऱ्या एका वाणांतील अळ्या मोठ्या झाल्यावरहि धुरकट काळ्या राहतात. मेलॅनिनच्या कामांतील दोन निरनिराळीं जनुकें या दोन वाणांत बिघडलेलीं आहेत, हेंहि २००८ सालींच उघडकीस आलें. आई व बाप या दोघांकडूनहि बिघडलेलेंच जनुक आलें, तरच हा फरक दिसतो; एकाकडून चांगलें आलें तर दोष झांकून जातो.

तिसरा एक वाण याहून विचार करावयास लावणारा आहे. त्यांतील अळी पहिली कात टाकल्यावर अगदीं वर्णहीन होते, आणि समोर तुतीचा पाला असूनहि तो न खातां मरते. असें कां व्हावें? कीटकाच्या अंगास रंग देणारी व त्याचें कवच कठीण करणारी रासायनिक क्रिया बऱ्याच अंशीं एकच आहे. ती बंद पडली म्हणजे रंगाबरोबर जबड्याचा कठीणपणाहि जातो, आणि मऊ जबड्यानें पाला कुरतडतां येत नाहीं. सारांश, रंग हा केवळ अलंकार नव्हे. त्याचीं मुळें प्राण्याच्या जीवनांत खोल गेलेलीं असतात.

आपल्या विद्यार्थ्याच्या वहींत पुढें आणखी एक नोंद आहे. त्याच्या दोन्ही अळ्यांनीं यथाकाल कोश केले. हिरव्या डहाळीवरचा कोश हिरवा झाला, तर वाळक्या काटकीवरचा तपकिरी झाला. येथें अंगचें घड्याळ पुरेसें होत नाहीं. अळी ज्या ठिकाणीं विसावते, त्या ठिकाणाचीहि साक्ष काढली जाते. वारसा, वय आणि परिस्थिति या तिघांच्या विचारानें एका देहाचा रंग ठरतो.

पालकांसहि या माहितीचा उपयोग आहे. आपल्या साऱ्या आयुष्यांत अळी जेवढा पाला खाते, त्यांतील बहुतेक पांचव्या अवस्थेंत खाते. म्हणूनच हिरवी अळी दिसतांच नासाडीहि एकदम डोळ्यांत भरते, आणि ती रात्रींतून आली असें वाटतें. लहान रोपांवरील विष्ठेसारखे ठिपके आठवड्यांतून दोनदां निरखून पाहिले, व जे ठिपके बोट लावतांच हलतात ते हातानें वेंचले, तर थोड्या झाडांस फवारणीची गरजच पडत नाहीं. फवारणीनें मधमाश्या व इतर उपकारी कीटकहि मरतात, हें विसरूं नये. त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं यंदा असेंच केलें, व त्यांचीं रोपें हिरवीं राहिलीं.

खिडकींतील दोन्ही कोशांतून कालांतरानें काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके असलेलीं दोन फुलपाखरें बाहेर पडलीं. कोणतें कोणत्या डबींतील, हें कोणासच ओळखतां येईना. वहीच्या पहिल्या पानावर त्या मुलानें “दोन जातींच्या अळ्या” असा मथळा लिहिला होता. तो त्यानें आमच्या सांगण्यावांचून खोडला, आणि त्याखालीं लिहिलें, “एकाच जातीच्या अळ्या, वय निराळें.”