जयपूरचा ‘ळ’ कुठे गेला?

‘थे कांई करो छो?’ जयपूर परिसरातल्या आजीने नातवाला असं विचारलं, की उत्तर बहुधा हिंदीत येतं. आजीची भाषा ढूंढाडी. तिच्यातला ‘कांई’ मराठी कानाला लगेच ‘काय’सारखा लागतो. शिवाय तिच्यात आपला ‘ळ’ आहे, जो प्रमाण हिंदीत नाही. शाळेत हिंदी आणि इंग्रजीवर वाढलेल्या मुलांच्या जिभेवरून तोच आधी निसटतो.

जगात हे इतरत्रही घडतंय. इंडोनेशियाच्या तरुणांनी 1928 साली एका भाषेची शपथ घेतली, देश जोडला गेला. पण आज जावातल्या कित्येक मुलांना आजोबांशी बोलायची आदरार्थी जावानीज जमत नाही.

2011च्या जनगणनेत ढूंढाडी मातृभाषा सांगणारे सुमारे 15 लाख निघाले. एकट्या जयपूर जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा 66 लाखांवर होती. ढूंढाडी आणि मारवाडी या दोन्ही त्या जनगणनेत हिंदीच्याच खात्यात मोजल्या गेल्या. घरची बोली वेगळी असूनही कित्येकांनी ‘हिंदी’ सांगितली असणार, हे उघड आहे.

ढूंढाडी ज्या राजस्थानीची बोली मानली जाते, तिला साहित्य अकादमी स्वतंत्र भाषा मानते आणि पुरस्कारही देते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत मात्र ती नाही. तिला तिथे घ्यावं, असा ठराव राजस्थान विधानसभेने 25 ऑगस्ट 2003 रोजी एकमताने केला होता. तो अजून दिल्लीत मंजुरीची वाट पाहतो आहे.