इर्बेनेची रेडिओ-दुर्बीण

लॅटव्हियात बाल्टिक किनाऱ्याजवळच्या जंगलात, इर्बेने येथे, ३२ मीटर व्यासाची रेडिओ-दुर्बीण आहे. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी तिची तबकडी एका ठिकाणी गोळा करते. सोव्हिएत लष्कराने ती परकीयांचे संदेश चोरून ऐकण्यासाठी उभारली. १९९४ साली सैन्य गेले. जाताना यंत्रसामग्रीची मोडतोड झाली, शेजारची वसाहत ओस पडली. पुढे हौशी छायाचित्रकार त्या रिकाम्या इमारती टिपू लागले. टिपाव्यात, पण आम्हां कामगारांची नजर दुसरीकडे जाते. लॅटव्हियाच्या शास्त्रज्ञांनी व तंत्रज्ञांनी तीच दुर्बीण दुरुस्त करून ताऱ्यांकडे वळविली. यंत्र बंद पडले की मालक त्याला भंगार म्हणतो. ते चालविणारे हात शिल्लक आहेत काय, हे आम्ही आधी विचारतो.