सातबारा नवऱ्याच्या नावावर, मग बायकोचं काय? हयातीतच करून ठेवायच्या चार गोष्टी

जुन्नर/आंबेगाव : टोमॅटोची लावण असो की कांद्याची काढणी, निम्म्याहून जास्त काम घरातली बाई करते. पण सातबारा उघडला तर अनेक घरांत तिचं नाव नसतं. घरधनी अचानक गेला की दहावा उरकायच्या आत वाटणीची कुजबुज सुरू होते आणि तिला पोरांच्या, दिरांच्या तोंडाकडं पाहावं लागतं.

परदेशात पैसेवाले लोक यासाठी बायकोच्या नावानं ट्रस्ट करतात. ती आहे तोवर उत्पन्न तिचं, तिच्या पश्चात मालमत्ता पोरांची. आपल्याकडं चार-पाच एकरासाठी कोणी ट्रस्ट करत बसत नाही. पण तेच काम साधणारे सोपे आणि कमी खर्चाचे मार्ग आपल्या कायद्यात आहेत.

काहीच केलं नाही तर?

हिंदू वारसा कायदा १९५६ नुसार बायको, मुलं, मुली आणि मयताची आई यांना सारखा हिस्सा मिळतो. समजा पाच एकर स्वकष्टाची जमीन आहे आणि मागं आई, बायको, दोन मुलं, एक मुलगी आहेत. मग प्रत्येकाला एक एकर. म्हणजे आयुष्यभर राबलेल्या बाईच्या वाट्याला पाचातला एकच एकर येतो. वडिलोपार्जित जमिनीचा हिशोब वेगळा असतो. २००५ च्या दुरुस्तीनं तिथं मुलीलाही जन्मापासून हक्क आहे. २००५ मध्ये वडील हयात नसले तरी तो हक्क लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं आहे.

१) सातबाऱ्यावर नाव : लक्ष्मी मुक्ती

ही कल्पना आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातली. आंबेठाणला शेती करणारे शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी 'लक्ष्मी मुक्ती' मोहीम काढली आणि शेतकऱ्यांना स्वतःहून बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. पुढं १५ सप्टेंबर १९९२ ला शासनानं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. अर्ज तलाठ्याकडं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं करायचा.

एक लक्षात ठेवावं. सातबारा हा महसुली कागद आहे. मालकीचा वाद झाला तर निकाल दिवाणी न्यायालयच देतं. तरीही नाव लागलेलं असलं की तिला न विचारता जमीन विकणं अवघड होतं.

२) बक्षीसपत्र

मालकी आजच पक्की द्यायची असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करावं. शेतजमीन किंवा राहतं घर बायको, मुलगा, मुलगी, नातवंडांना बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक फक्त २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. पण दिलेलं बक्षीस सहजासहजी परत घेता येत नाही. इतर हक्कात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर आधी तिथं विचारावं.

३) मृत्युपत्र

हयातीत जमीन आपल्याच नावावर ठेवायची असेल तर मृत्युपत्र बरं. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. सही दोन साक्षीदारांसमोर व्हावी आणि त्यांनीही सह्या कराव्यात. ज्याला जमीन द्यायची त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडं केलेली चांगली. आपल्या हिश्शापुरतंच मृत्युपत्र करता येतं, भावाचा हिस्सा त्यात घालता येत नाही.

'बायकोला हयातीपर्यंत, नंतर पोरांना' असं लिहायचं असेल तर वकिलाकडूनच लिहून घ्यावं. तिला विकायचा अधिकार आहे की नुसतं उत्पन्न खायचं, हे स्पष्ट नसलं की कलम १४ वरून कोर्टकचेऱ्या होतात.

४) विमा : खरा ट्रस्ट हाच

हे फार कमी जणांना माहीत आहे. नवऱ्यानं स्वतःच्या आयुष्याचा विमा घेताना तो विवाहित महिला संपत्ती कायदा १८७४ च्या कलम ६ खाली घेतला, तर कायद्यानं त्याचा आपोआप ट्रस्ट होतो. पैसा बायको-मुलांचाच राहतो, नवऱ्याच्या कर्जापोटी सावकार किंवा बँक त्याला हात लावू शकत नाही. अपवाद एकच : देणेकऱ्यांना फसवायलाच विमा काढला, असं सिद्ध झालं तर. वारसांना मयताचं कर्ज मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत फेडावं लागतं, म्हणून कर्जदार शेतकऱ्याला हा आधार मोठा. पण हा पर्याय पॉलिसी काढतानाच निवडावा लागतो, नंतर नाही. एजंटला 'एमडब्ल्यूपी'चा फॉर्म मागावा.

बँक खात्याचा नॉमिनी मात्र मालक नसतो. तो वारसांच्या वतीनं पैसे ताब्यात घेतो, एवढंच.

पश्चिम पट्ट्यासाठी

आहुपे, भीमाशंकर, हातवीज भागातल्या महादेव कोळी, ठाकर कुटुंबांनी वेगळी खबरदारी घ्यावी. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा लागू नाही. तिथं रूढी पाहिली जाते. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आदिवासी स्त्रीच्या वारसांना समानतेच्या आधारे हिस्सा दिला. तरी कोर्टाची वाट पाहण्यापेक्षा माहितगार वकिलाला विचारून हयातीतच सोय करून ठेवलेली बरी.

माणूस गेलाच असेल तर

वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत करावा. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं किंवा ई-हक्क प्रणालीवर तो करता येतो. बायको आणि लेकी, सगळ्यांची नावं अर्जात घालावीत. 'नंतर लावू' म्हणून राहिलेलं नाव पुढं लावताना वर्षं जातात. आणि हक्कसोडपत्राचा कागद पुढं आला, तर घरातल्या बाईनं तो वाचून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नये.