धक्का कुणाचा, धरणीचा की यंत्राचा?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, तेव्हा कोयना धरणाच्या भिंतीतल्या गॅलरीत बसवलेले एक उपकरण आपले काम चोख करीत होते. हिसक्याचा जोर त्याने नोंदवला तो गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट. धरणाचे गणित मांडताना धरलेला भूकंप-गुणांक होता ०.०५. परिसरात दीडशेहून अधिक माणसे दगावली, भिंतीला तडे गेले, धरण मात्र उभे राहिले. त्या नोंदीवर जगभरचे धरण-अभियंते आजही आपली गणिते ताडून पाहतात.

असे उपकरण आज परदेशातून मागवले, तर बंदरावर पहिला प्रश्न निघेल तो शास्त्राचा नव्हे, शीर्षकाचा. सीमाशुल्काच्या तालिकेत ९०१५ हे शीर्षक सर्वेक्षण, जलविज्ञान, हवामान आणि भूभौतिकी यांच्या उपकरणांचे. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या भाष्यात भूकंपमापक याच घरात आहे. मग वाद कसला? थोडे पुढे ९०३१ आहे, इतरत्र न सामावलेल्या मोजमापाच्या साधनांचे. त्याच्या भाष्यात यंत्रे, पूल आणि धरणे यांवरील कंपने व धक्के मोजणारी साधनेही येतात. धरणे! म्हणजे कोयनेच्या त्या उपकरणाला दोन्ही घरची आमंत्रणे.

भोसरी-चाकणच्या कारखानदाराला हा पेच पडत नाही. फोर्जिंगच्या हॅमरवर किंवा प्रेसच्या बेअरिंगवर लावायचा कंपनमापक तो ९०३१ मध्ये दाखवतो आणि तळेगावच्या कंटेनर डेपोतून माल सोडवून घेतो. पण जवळपास त्याच बांधणीचा सेन्सर कऱ्हाडच्या भूकंप-संशोधकांसाठी आला की कागद अडखळतो. कोण मागवतो यापेक्षा वस्तू मुळात कशासाठी घडवली आहे, हे पाहायला हवे. बेअरिंगची कुरबुर सेकंदाला शेकडो-हजारो कंपनांची. भूकंपाच्या लाटा फार संथ, काही तर एका आंदोलनाला कित्येक सेकंद घेणाऱ्या. माझ्या मते निम्मा वाद उत्पादकाच्या माहितीपत्रकातल्या या एका ओळीने मिटावा. आमच्या बँकेत आयातीची बिले येत, त्यांत मालाचे वर्णन पुष्कळदा ‘इलेक्ट्रॉनिक उपकरण, सुट्या भागांसह’ एवढेच असे. बँकेला ते चाले, कारण लेटर ऑफ क्रेडिटमध्ये बँक कागद पाहते, पेटी उघडत नाही. कस्टम्स उघडते.

आणि २०११ पासून वर्गीकरण आयातदारानेच ठरवून बिल ऑफ एंट्रीत लिहायचे आहे. चुकले तर फरकाची रक्कम, व्याज, शिवाय दंडाची टांगती तलवार. सगळ्यात महाग पडतो तो वेळ. ३० सप्टेंबर १९९३ नंतर किल्लारीची जमीन आठवडेच्या आठवडे थरथरत होती. मुख्य धक्क्यानंतरचे हे लहान धक्के भूगर्भातली भेग कुठवर गेली ते सांगतात, आणि गेले की गेले. उपकरण तेव्हा गोदामात डॅमरेज भरत बसले, तर त्याचा हिशेब कोणत्या शीर्षकाखाली मांडायचा?

यावर कायद्यात वाटा आहेत. कलम १८ खाली तात्पुरती आकारणी करून, बाँड आणि मागितल्यास बँक गॅरंटी देऊन, माल आधी सोडवता येतो. वाद मागाहून चालतो. दुसरी वाट माल बोटीवर चढण्याआधीची. आगाऊ निर्णय देणारे सीमाशुल्क प्राधिकरण २०२१ पासून मुंबईत आहे. तिथे वर्गीकरण आधीच ठरवून घेता येते. ऑर्डर टाकतानाच हा अर्ज माहितीपत्रकासह द्यावा.