सरासरीत न दिसणारा मतभेद

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ निघाला, गोव्याचा १.३. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२३च्या अहवालात महाराष्ट्र १.४वर आला आहे. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी हा दर २.१ लागतो. उशिरा होणारी लग्नं, फ्लॅटचे हप्ते, शाळांच्या फिया अशी कारणं आपण वाचतच असतो. पण जननदर मोजतात बाईमागे, आणि मूल होऊ द्यायचं की नाही हे ठरतं दोघांत. त्या दोघांचंच पटलं नाही तर काय होतं, हे या दरातून कळत नाही.

याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आदर्श कुटुंबात किती मुलं असावीत, असाही प्रश्न असतो. स्त्रियांचं आणि पुरुषांचं सरासरी उत्तर सारखंच, सुमारे २.१. वाचून वाटावं, चला, निदान या बाबतीत तरी नवरा-बायकोचं एकमत आहे!

इथे थोडं गणित करू. समजा, शंभर जोडपी आहेत. त्यांतल्या ६० नवऱ्यांना मूल हवंय आणि ६० बायकांनाही हवंय. टक्केवारी अगदी बरोबरीची. हे ६० आणि ६० एकाच घरातले असतील तर ६० घरांत ‘हो’, ४० घरांत ‘नको’ आणि वाद कुठेच नाही. आता दुसरं टोक पाहा. दोघांनाही मूल हवंय अशी घरं फक्त २०. ४० घरांत ते फक्त नवऱ्याला हवंय आणि उरलेल्या ४० घरांत फक्त बायकोला. म्हणजे ८० घरांत मतभेद, आणि टक्केवारी मात्र तीच, ६० आणि ६०. खरा आकडा शून्य ते ८० यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. तो काढायचा तर एकाच घरातली दोन्ही उत्तरं शेजारी ठेवावी लागतात.

युरोपात हे झालं आहे. तिथल्या अनेक देशांत घेतलेल्या एका पाहणीत, तुम्हाला आत्ता मूल किंवा आणखी एक मूल हवंय का आणि तुमच्या जोडीदाराला हवंय का, असे दोन वेगळे प्रश्न विचारले गेले. तीन वर्षांनी त्याच घरांत पुन्हा जाऊन पाळणा हलला का, ते पाहिलं. मथियास डेपके आणि फाबियान किंडरमान या अर्थशास्त्रज्ञांनी या माहितीवर लिहिलेला निबंध २०१९मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. निष्कर्ष असा, की मूल बहुतेक वेळा तिथेच होतं, जिथे दोघांनाही ते हवं असतं. एकट्याच्या ‘हो’ने फारसं काही होत नाही, ‘नको’ म्हणणाऱ्याकडे नकाराधिकार असतो. पाहणीत एक उणीव आहे. जोडीदाराच्या मनातलंही त्या एकाच व्यक्तीने सांगितलेलं आहे. शिवाय प्रश्न ‘आत्ता’चा होता, त्यामुळे ‘कधीच नको’ आणि ‘दोन वर्षांनी बघू’ यांची सरमिसळ झालेली असणार.

निबंधातला दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जननदर कमी असलेल्या देशांत आणखी एका मुलाला नकार देणाऱ्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया बऱ्याच जास्त आहेत, आणि मुलांच्या कामात बापाचा हात जितका कमी, तितका आईचा नकार जास्त. म्हणजे वाद मूल आवडतं की नाही असा नाहीच. त्याचं कोणी किती करायचं, असा आहे.

मग आपल्याकडचं ‘करणं’ मोजू. केंद्राच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरच्यांची देखभाल करतात, पुरुष २१.४ टक्के. करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला १४० मिनिटं जातात, करणाऱ्या पुरुषाची ७४. वरवर दुप्पटच फरक दिसतो. पण न करणाऱ्यांनाही हिशेबात घेतलं तर सरासरी बाईच्या वाट्याला ५७ मिनिटं येतात, पुरुषाच्या वाट्याला १६. साडेतीन पट! स्वयंपाक, धुणीभांडी यात धरलेलीच नाहीत. कायद्याचाही कल तोच आहे: पहिल्या दोन बाळंतपणांसाठी आईला २६ आठवड्यांची पगारी रजा, केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस, आणि खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने काहीच नाही.

युरोपचं सूत्र इथे जसंच्या तसं लावता येणार नाही, हेही खरं. आपल्याकडे पहिलं मूल हा निर्णयाचा विषय आहे, हेच पुष्कळ घरांना मान्य नसतं. लग्नाला वर्ष होत नाही तोच ‘गोड बातमी कधी?’ सुरू होतं. इथे गप्प राहणं म्हणजे होकारच. नवरा-बायकोचा खरा वाद रंगतो तो ‘दुसरा चान्स घ्यायचा का’ यावर, आणि ‘बस झालं’ ठरलं की ते अमलात कोण आणतं, हे आकड्यांत स्पष्ट दिसतं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केलेल्या विवाहित स्त्रिया ३७.९ टक्के आहेत. नवऱ्याने ती करून घेतली आहे, अशा ०.३ टक्के. गर्भनिरोधन हे बायकांचं काम, पुरुषाने त्याची काळजी करू नये, असं सुमारे ३५ टक्के पुरुषांना वाटतं.

मतभेद कोर्टात गेला तर? गर्भपाताच्या १९७१च्या कायद्यात सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. घरच्यांची संमती आणा, अशा कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये सांगितलं. याच न्यायालयाने २००७मध्ये, दोन सनदी अधिकाऱ्यांच्या घटस्फोटाच्या दाव्यात, मानसिक क्रौर्याची उदाहरणं दिली. लग्नानंतर नवरा किंवा बायकोने मूल नको असं एकतर्फी ठरवणं क्रौर्य ठरू शकतं, हे त्यांतलं एक. म्हणजे ‘नको’ म्हणण्याचा हक्क आहे, पण त्यापायी संसार मोडू शकतो. आणि दोघांनाही मूल नको असेल तरी वाट सरळ नाही. सरकारी निकषांप्रमाणे नसबंदीसाठी जोडीदाराची संमती लागत नाही, मात्र जोडप्याला वर्षापेक्षा मोठं किमान एक मूल असावं लागतं. र. धों. कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि त्यांनी व पत्नी मालतीबाईंनी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं. आजच्या निकषांत हे जोडपं बसलं नसतं.

हे सगळं आपल्याकडे मोजणं अवघड नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निवडक घरांत नवरा आणि बायको दोघांच्याही वेगवेगळ्या मुलाखती होतातच. अभ्यासकांना त्यांची माहिती जोडून मिळते. पण पाचव्या सर्वेक्षणाच्या, सर्वांसमोर आलेल्या राज्याच्या तथ्यपत्रकात १३१ निर्देशांक होते आणि ‘नवरा-बायकोचं उत्तर वेगळं’ असा एकही नव्हता. कुटुंबनियोजनाची ‘अपूर्ण गरज’ही (मूल नको, तरी गर्भनिरोधन नाही, अशांचं प्रमाण) फक्त बायकोच्या उत्तरांवरून काढतात. पुढच्या तथ्यपत्रकात १३२वी ओळ घालावी आणि किती जोडप्यांचं मुलांबद्दल एकमत नाही, ते राज्यवार छापावं.